आवाज पुढे, तलवार मागे : कुडाळच्या एका जुन्या डेस्कटॉपचं प्रकरण

मामांची तक्रार फोनवर ऐकली तेव्हा मला ती नेटची वाटली. जुनं मशीन, गावातला केबलवाला आणि यूट्यूबवर तासन् तास चालणारं दशावतारी नाटक, असं म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? मार्गशीर्षात जत्रेसाठी कुडाळला गेलो तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवलं, एक आख्यान लावलं, युद्धाच्या प्रसंगापर्यंत पुढे नेलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "बघ, आवाज फुडे जाता, तलवार मागे ऱ्हवता."

खरंच तसं होत होतं. मृदंग आणि झांज ठणठणीत, पेटीचा सूर कुठे तुटत नव्हता. पण देवाची तलवार उजवीकडे वर होती ती पुढच्या क्षणी थेट डावीकडे खाली. मधला वार गायब. झांजेचा ठोका आधी आणि तलवारीला तलवार लागते ती नंतर. मग चित्र एकदम धावत सुटायचं आणि पुन्हा अडखळायचं.

माझा नेटवरचा संशय इथेच फिटला. नेट कमी पडलं की आवाज आणि चित्र दोन्ही थांबतात आणि मध्ये गोल चक्र फिरत राहतं. इथे चक्र नव्हतं, आवाजही अखंड होता. म्हणजे माल घरात पोचत होता, तो उलगडून पडद्यावर मांडणारा माणूस मागे पडत होता. थांबणं आणि अडखळणं या दोन वेगळ्या व्याधी आहेत, हे आधी कुणी पाहिलं असतं तर मामांचे बरेच पैसे वाचले असते.

पैसे कुठे गेले तेही सांगतो. केबलवाल्याने ४० एमबीपीएसचा प्लॅन बदलून १०० चा गळ्यात मारला. यूट्यूबचा १०८०पी व्हिडिओ साधारण पाच एमबीपीएसच्या आतबाहेर मागतो, चाळीससुद्धा भरपूर होते. मग एका दुकानात २ जीबीचे ४ जीबी रॅम झाले आणि विंडोज ७ जाऊन विंडोज १० आलं. रॅम वाढवणं चुकीचं नव्हतं, २ जीबीत आजचा ब्राउझर धड उघडतही नाही. शिवाय क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला विंडोज ७ ला रामराम ठोकल्यामुळे विंडोज बदलणंही भाग होतं. पण अडखळण्यावर दोन्हींचा परिणाम शून्य. शेवटी एका भाच्याने पाठवलेलं चित्रीकरणही अडकतं म्हणून मामांनी नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणला. त्याच्याकडे नंतर येतो.

मशीन असं होतं : इंटेल कोअर टू ड्युओ ई७५००, २.९३ गिगाहर्ट्झ, दोन कोअर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, ग्राफिक्स त्याच्यातच, १८.५ इंची मॉनिटर, १३६६ बाय ७६८. हा प्रोसेसर २००९ सालचा. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, म्हणून मी इथे प्रोसेसर हाच शब्द वापरतो, नाहीतर घोळ होतो.)

पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हर न उचलता फक्त बघायचं ठरवलं. यूट्यूबच्या चालू व्हिडिओवर राइट क्लिक केलं की खाली 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' येतं. नाव टवाळ आहे, पण ती काळी चौकट म्हणजे फुकटातला एक्स-रे. तिच्यात मी तीन गोष्टी पाहिल्या. बफर हेल्थ चाळीस सेकंदांच्या वर, म्हणजे पुढचं पाऊण मिनिट आधीच येऊन पडलेलं. नेट निर्दोष. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ गुंडाळण्याच्या पद्धतीच्या, ओळीत व्हीपी९. आणि फ्रेम्सच्या ओळीत गळालेल्या चौकटींचा, म्हणजे व्हिडिओ ज्यांचा बनतो त्या सुट्या चित्रांचा, आकडा डोळ्यांदेखत पळत होता. युद्धाचा तोच दोन मिनिटांचा तुकडा मी चाचणीसाठी कायमचा ठरवून घेतला. सेकंदाला २५ चौकटींच्या हिशेबाने त्यात ३००० चौकटी होत्या. त्यातल्या ११४० गळाल्या. तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

२५ चौकटींचा व्हिडिओ म्हणजे एका चौकटीला ४० मिलिसेकंद. तेवढ्यात प्रोसेसरने ती उलगडली पाहिजे, मॉनिटरच्या मापात बसवली पाहिजे आणि पडद्यावर टाकली पाहिजे. ४५ लागले की उशीर. आवाज उलगडायला प्रोसेसरला कष्ट जवळपास नसतातच, त्यामुळे तो वेळेवर येतो, आणि प्लेअर आवाजालाच घड्याळ मानून चित्राला त्याच्यामागे ओढतो. उशिरा आलेली चौकट तो सरळ फेकून देतो. त्यात गंमत अशी, की फेकायची म्हणून ती उलगडायचीच नाही असं सहसा चालत नाही. पुढची चौकट 'मागच्यापेक्षा इथे इथे बदल' एवढंच सांगत असते. मागची नसेल तर पुढची कशावर बांधणार? म्हणजे कष्ट झालेच, वर चित्रही दिसलं नाही. आणि नाटकात माणूस एका जागी उभा राहून बोलतो तेव्हा बदल थोडा, काम हलकं. युद्ध सुरू झालं, दोघे गरगर फिरू लागले, पदर उडू लागले की बदलच बदल. म्हणून संवाद नीट आणि तलवारबाजी तुटक.

इथपर्यंत आल्यावर 'प्रोसेसर म्हातारा झाला, मामा, नवीन घ्या' म्हणून मी मोकळा होणार होतो. तेवढ्यात मामा सहज बोलून गेले : "पयली चार-पाच मिनिटां बरा चलता. मगे दमता."

दमतो? प्रोसेसर म्हातारा असेल तर तो पहिल्या मिनिटापासून म्हातारा. वेळ जाईल तसा बिघडणारा आजार वेगळा. खात्री करायला मशीन बंद केलं, तासभर थांबलो, मामींच्या हातची घावणी-चटणी खाल्ली, मग तोच तुकडा लावला. गळालेल्या चौकटी ३८०. लगेच पुन्हा लावला, ५२०. असं पाच-सहा वेळा करत गेलो तसा आकडा हजारापार जाऊन पुन्हा ११०० च्या आसपास स्थिरावला. मामांचं निदान बरोबर होतं.

कोअर टेम्प नावाचा छोटासा प्रोग्राम टाकला. मशीन नुसतं चालू असताना ५८ अंश. व्हिडिओ लावल्यावर नव्वदी ओलांडून शंभराला टेकलं आणि तिथेच राहिलं. त्याहून बोलका होता वेगाचा आकडा. काम अंगावर असताना तो २९२६ मेगाहर्ट्झवर ठाम हवा. इथे तो २९२६ आणि १५९६ यांच्यात लोलकासारखा हेलकावत होता. या प्रोसेसरची मूळ घडी २६६ मेगाहर्ट्झची. ती अकरापट करून तो पळतो. फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी गुणक सहावर आणतो, २६६ गुणिले ६ म्हणजे १५९६. रिकामा असतानाही वीज वाचवायला तो १५९६ वरच बसतो, त्यामुळे नुसता हा आकडा दिसला म्हणून घाबरायचं नाही. टास्क मॅनेजर १०० टक्के दाखवतोय आणि तरी वेग १५९६, ही जोडी दिसली की समजायचं.

कबूल करतो की आदल्या संध्याकाळी मी भलत्याच वाटेला लागलो होतो. दुकानदाराने ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलाच नसेल अशी माझी समजूत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं दिसलं तर ते खरं असतं, आणि अशा मशीनवर व्हिडिओ हमखास अडखळतो. पण इथे जी४१ चा ड्रायव्हर रीतसर बसलेला होता. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्सचा, आलेख नाही हे बघून मी हुरळलो होतो, ते फक्त ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा असल्यामुळे. क्रोममधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहिलं तर चित्र आणखी बिघडलं, मुकाट्याने पुन्हा चालू केलं. तीन तास गेले. हा आळ मी दुकानदारावर मनातल्या मनात घेतला होता आणि मनातल्या मनातच परत घेतला.

मग कॅबिनेट उघडलं. ते टेबलाच्या कप्प्यात, पाठ भिंतीला टेकवून, वरून मामींनी विणलेलं क्रोशाचं आच्छादन घालून बसवलेलं. आच्छादन देखणं आहे, त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. फक्त ते आता प्रिंटरवर असतं. डाव्या बाजूचं पत्र्याचं दार काढलं तर तळाशी पालीच्या अंड्याची दोन टरफलं आणि मुंग्यांनी आणलेली माती. प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, चांगला जोरात. पंखा सोडवून वर उचलला तेव्हा खालच्या हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्या दिसेनात. पंखा आणि पात्यांच्या मध्ये धुळीची राखाडी चकती तयार झालेली, जाडसर घोंगडीच्या तुकड्यासारखी. नखाने टोक धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. पंखा वर्षानुवर्षं त्या घोंगडीला वारा घालत होता. "आता ह्या पंख्याक काय झाला?" मामांनी विचारलं. मी चकती त्यांच्या हातावर ठेवली.

एवढ्यावर मी दार लावून टाकलं असतं तर अर्धंच काम झालं असतं. धूळ काढून पाहिलं तर शंभरावरून नव्वदीपर्यंत उतरलं, त्याखाली येईना. हीटसिंक हाताने हलकेच हलवून बघितला तर एका कोपऱ्यात डुगडुगला. इंटेलचा तो गोल हीटसिंक चार प्लॅस्टिकच्या पुश-पिनांवर बसतो. चारांतली एक पिन मदरबोर्डच्या छिद्रातून आरपार गेलीच नव्हती, नुसती वर टेकलेली. कुणी, कधी, देव जाणे. या पिना मला कधीच आवडल्या नाहीत. बसल्यासारख्या दिसतात, बसलेल्या नसतात. वरून कळत नाही, म्हणून बोर्डच बाहेर काढला. आधी प्रत्येक वायरीचा मोबाइलवर फोटो घेतला, कारण समोरच्या पॅनेलच्या त्या बारक्या पिना कुठल्या कुठे लावायच्या हे माझ्या कधीच लक्षात राहत नाही.

पिनेच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने वळवलं की ती सुटते. चारही सोडवल्या. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप, वाळून खडूसारखी भुगा झाली होती. मेडिकलमधल्या स्पिरिटने आणि जुन्या सुती कापडाने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत पुसले. पात्यांमधली उरलेली धूळ रंगकामाच्या ब्रशने काढली. तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली, पसरवली नाही, दाबाने ती आपली आपण पसरते. मग पिनांची डोकी बाणाच्या उलट फिरवून घेतली आणि समोरासमोरच्या दोन, नंतर उरलेल्या दोन, अशा तिरप्या क्रमाने 'टक्' आवाज येईपर्यंत दाबल्या. बोर्ड उलटा करून चारही ठिकाणी काळी दांडी पांढऱ्या पायांच्या मधून बाहेर आलेली डोळ्यांनी पाहिली, मगच तो परत बसवला.

नुसतं चालू असताना ४१ अंश. व्हिडिओवर अर्ध्या तासाने ६६. वेग २९२६ वर खिळलेला.

आणि तरीही तुकडा अडखळला! ३००० पैकी ३४० चौकटी गळाल्या, मात्र दहाव्यांदा लावला तरी तेवढ्याच. आता मशीन दमत नव्हतं. आता खरोखर काम जास्त होतं. दोन दुखणी एकावर एक बसली होती आणि वरचं काढल्याशिवाय खालचं स्वच्छ दिसत नव्हतं.

खालचं दुखणं कोडेकचं. एकच व्हिडिओ यूट्यूब वेगवेगळ्या पद्धतींनी गुंडाळून ठेवतो. एच.२६४ ही २००३ ची पद्धत, व्हीपी९ ही २०१३ ची, एव्ही१ ही २०१८ ची. नवी पद्धत तेच चित्र कमी डेटात बसवते, पण उलगडताना जास्त राबवून घेते. नव्या संगणकांत आणि मोबाइलमध्ये हे उलगडण्यासाठी ग्राफिक्समध्ये वेगळं यंत्रच असतं, त्यामुळे त्यांना काही वाटत नाही. व्हीपी९ जन्मायच्या चार वर्षं आधीच्या ई७५०० ला ते सगळं दोन कोअरांवर ओढावं लागतं, आणि जी४१ मधलं ग्राफिक्स डीव्हीडीच्या एमपेग-२ पलीकडे फारसा हात देत नाही.

क्रोममध्ये एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाकलं. ते ब्राउझरतर्फे यूट्यूबला 'मला व्हीपी९ आणि एव्ही१ येत नाही' असं सांगतं. थापच ती, पण उपयोगी. पान पुन्हा उघडल्यावर कोडेकच्या ओळीत व्हीपी९ च्या जागी एव्हीसी१ आलं, म्हणजे एच.२६४. १०८०पी वर गळती ९० वर उतरली.

तेव्हा मला जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. मामांनी 'स्वच्छ दिसतं' म्हणून दर्जा कायम १०८०पी वर ठेवला होता. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. आणि त्यांच्या मॉनिटरवर ठिपके किती? १३६६ गुणिले ७६८, साडेदहा लाखांच्या आत. दुप्पट चित्र उलगडून मग ते दाबून मॉनिटरच्या मापात कोंबायचं, असा रोजचा उद्योग चालला होता. ७२०पी लावलं. मामांना आणि मामींना न सांगता दोन्ही दर्जे पाळीपाळीने दाखवले. दोघांनाही फरक सांगता आला नाही. मामींनी तर ७२०पी लाच जास्त चांगलं म्हटलं. गळालेल्या चौकटी ३००० पैकी ९.

राहिला पेनड्राइव्ह. भाच्याने जत्रेतलं नाटक मोबाइलवर चित्रित केलेलं, तेही ४के मध्ये, एचईव्हीसी पद्धतीने. व्हीएलसी या प्लेअरमध्ये पहिलं चित्र उमटायचं, मग राखाडी डाग, मग गणपतीचा अर्धा मुकुट तसाच लटकलेला आणि मागे नांदी चालू. अशा फाइलला सेकंदाला पाच-सहा मेगाबाइटच्या वर सहसा लागत नाहीत आणि साधा यूएसबी २ पेनड्राइव्हही पंचवीसच्या आसपास देतो. म्हणजे जुन्या पेनड्राइव्हचा काहीच गुन्हा नव्हता. ४के म्हणजे ८३ लाख ठिपके, मामांच्या मॉनिटरच्या जवळजवळ आठपट, त्यातही एचईव्हीसी. इथे व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये खटपट करण्यात अर्थ नव्हता. फाइल माझ्या लॅपटॉपवर घेतली, हँडब्रेक या व्हिडिओचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये 'फास्ट ७२०पी३०' हा तयार पर्याय निवडला आणि जेवायला बसलो. हेच मामांच्या मशीनवर लावलं असतं तर उजाडलं असतं. रूपांतर झालेली फाइल व्हीएलसीत लोण्यासारखी चालली. भाच्याला फोन करून मोबाइलच्या कॅमेऱ्यात १०८०पी, ३० चौकटी आणि एचईव्हीसी बंद, असं करायला सांगितलं. तो म्हणाला, मग क्वालिटी जाईल. मी म्हटलं, बघणार कोण आहे ते बघ.

ग्राफिक्स कार्डाचा विचार केला होता. जीटी ७१० स्वस्तात मिळतं, पण त्याला व्हीपी९ उलगडता येत नाही, म्हणजे पैसे टाकून तिथेच. जीटी १०३० ला येतं, त्याला ३० वॉटच लागतात, मशीनला वीज पुरवणाऱ्या जुन्या एसएमपीएसला झेपलं असतं. पण एव्ही१ त्यालाही येत नाही, आणि इतक्या जुन्या बोर्डाचं त्या कार्डाशी जुळेल याची खात्री बसवून पाहिल्याशिवाय देता येत नाही. त्यापेक्षा सातव्या पिढीच्या इंटेलचा वापरलेला छोटा पीसी घेतला तर व्हीपी९ आणि एचईव्हीसी दोन्ही ग्राफिक्सच उलगडतं. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तोही मुद्दा होताच. बँकेचं काम या मशीनवर करायचं नाही, हे मी मामांकडून कबूल करून घेतलं. छोट्या पीसीचं सुचवलं तेव्हा त्यांनी पडद्याकडे बघतच उत्तर दिलं. "नवीन नको, मेल्या. आता बरो चलता हो."

मे महिन्यात फोन आला. पुन्हा तलवार मागे. मी विचारायच्या आत त्यांनी काळी चौकट उघडली होती. "हय एव्हीसी नाय, व्हीपी कायतरी लिवलेला आसा." सुट्टीला आलेल्या नातवाने क्रोममध्ये स्वतःचं खातं उघडलं होतं आणि त्या खात्यात एक्स्टेन्शन नव्हतं. मामांच्या खात्यावर परत आल्यावर एव्हीसी दिसू लागलं. तरी एक नाटक अडखळतच राहिलं. दर्जा विचारला तर ७२०पी च्या शेजारी बारीक ६० लिहिलेलं. सेकंदाला साठ चौकटी, म्हणजे एकीला सोळा-सतरा मिलिसेकंद. ते त्या प्रोसेसरला कुठल्याच खात्यातून जमणार नाही. यूट्यूबवर साठ चौकटी ७२०पी पासून वर असतात, म्हणून त्यांना ४८०पी वर यायला सांगितलं. चित्र थोडं मऊ झालं असणार. फोनवर मला झांज ऐकू येत होती, आणि मामा मध्येच बोलायचे थांबले होते.